शिरढोणचा कारकून आणि आज्ञावलीचा पहिला धडा

मुंबई-गोवा महामार्गावर पनवेल मागे टाकले की थोड्याच अंतरावर शिरढोण लागते. कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका येथून जवळच आहे. या गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते आणि १८१८ मध्ये तो किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, एवढा इतिहास येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. आद्य क्रांतिकारक म्हणून वासुदेव बळवंतांची तसबीर आपण भिंतीवर लावली. मात्र ते ऐन तारुण्यात सरकारी हिशेबखात्यातील कारकून होते आणि एका शिक्षणसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक होते, या दोन गोष्टींचा विचार सहसा होत नाही. पनवेल-खारघरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत पहिल्या वर्षी संगणकाची आज्ञावली लिहिण्यास बसणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र त्यांच्या चरित्रातील नेमक्या याच दोन गोष्टी जवळच्या वाटाव्यात.

कल्याण, मुंबई व पुणे येथे थोडेफार इंग्रजी शिक्षण घेऊन वासुदेव बळवंत नोकरीत शिरले. दोन-तीन ठिकाणी उमेदवारी केल्यावर ते पुण्याच्या लष्करी हिशेब कचेरीत स्थिरावले. कचेरीचे काम काय असे? वरून आलेल्या नियमाप्रमाणे रकमा मांडावयाच्या, बेरजा पडताळावयाच्या, नक्कल करावयाची. नियम कोणी केला आणि का केला, हे विचारण्याचा अधिकार कारकुनाला नव्हता. त्या काळी इंग्रजीत ‘कॉम्प्युटर’ हे यंत्राचे नाव नव्हतेच. हिशेब करणाऱ्या माणसाला तो शब्द लावीत. ही यांत्रिक मेहनत खरोखरच यंत्राकडे सोपवावी, या ध्यासाने चार्ल्स बॅबेज लंडनमध्ये आयुष्यभर खपला आणि आपले यंत्र अपुरे टाकून १८७१ मध्ये वारला. त्या यंत्राने कोणत्या पायऱ्यांनी गणित सोडवावे, याची टिपणे एडा लव्हलेस हिने १८४३ मध्ये, म्हणजे वासुदेव बळवंतांच्या जन्माच्या दोन वर्षे आधी, प्रसिद्ध केली होती. पहिली आज्ञावली म्हणून आज त्या टिपणांचाच निर्देश करतात. पुण्याच्या कचेरीत अर्थातच यातले काही पोहोचले नव्हते.

आई मरणासन्न असताना वासुदेव बळवंतांना वेळेवर रजा मिळाली नाही आणि तिची अखेरची भेट हुकली. हा घाव त्यांनी कधीच विसरला नाही. तथापि केवळ वैयक्तिक संतापातून त्यांचे बंड उद्भवले असे मानणे म्हणजे त्यांच्या बुद्धीचा अवमान होय. न्यायमूर्ती रानडे यांच्या व्यापारविषयक व्याख्यानांतून देशाचे धन कोणत्या वाटेने बाहेर जाते, याचा उलगडा त्यांना झाला. ज्या रकमा ते रोज नुसत्या उतरवीत होते, त्यांच्यामागचा अर्थ त्यांना दिसू लागला. मग हा कारकून सुटीच्या दिवशी थाळी वाजवून पुणेकरांना व्याख्यानास बोलावू लागला. वामन प्रभाकर भावे व लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासह त्यांनी ‘पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन’ ही शाळा उभी केली. पुढे तीच महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली. संस्था आपला आरंभ १८६० पासूनचा मानते.

हिशेब न समजणे किती महाग पडते, हे त्याच दशकात महाराष्ट्राने पाहिले. मे १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. व्याज कसे वाढते हे त्यांना उमगत नव्हते. अंगठा उठविला की वहीतील आकडा मान्य करणे भाग होते. आता हाच हिशेब पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यापुढे ठेवून पाहावा. शंभर रुपये, दरसाल दर शेकडा बारा, चक्रवाढ. मुद्दल दुप्पट होण्यास किती वर्षे? आज्ञावली चार-पाच ओळींची. रक्कम दोनशेहून कमी आहे तोवर तीत बारा टक्के मिळवावयाचे आणि वर्ष एकाने वाढवावयाचे. सहाव्या वर्षाअखेर १९७ रुपये ३८ पैसे होतात, म्हणून फेरा सातव्या वर्षापर्यंत चालावा लागतो. वर्ष शून्यापासून मोजले की एकापासून, तपासणी वाढीपूर्वी की नंतर, एवढ्याशा फरकाने उत्तर सहा, सात किंवा आठ येते. येथे पाठांतर उपयोगी पडत नाही. कागदावर रकाने आखून प्रत्येक फेऱ्यातील किंमत हाताने लिहिली, तरच चूक कोठे शिरली ते कळते.

आमच्या वर्गांतून मात्र उलटेच चित्र पुष्कळदा दिसते. परीक्षेला येणाऱ्या दहा-वीस आज्ञावल्या मुले तोंडपाठ करतात. प्रयोगवहीत त्या सुवाच्य अक्षरात उतरविल्या जातात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला यंत्राने दाखविलेली चूक इंग्रजीत वाचावी लागते. ती समजावून देण्यास कोणी बसत नाही आणि तो आपल्यालाच मंद समजू लागतो. आता तर आज्ञावली लिहून देणारी यंत्रेही हाताशी आली आहेत. ज्याला फेरा हाताने चालवून पाहता येत नाही, त्याला यंत्राचे उत्तर सहा बरोबर की सात, हे कसे कळणार? नक्कल करणारा कारकून घडविण्यासाठी चार वर्षांची पदवी कशाला हवी?

वासुदेव बळवंत स्वतः वहीपाशी थांबले नाहीत. १८७६-७७ च्या दुष्काळाने त्यांची उरलीसुरली आशा संपविली. रामोशी, कोळी, धनगर यांना जमवून १८७९ च्या फेब्रुवारीत त्यांनी धामारीपासून प्रारंभ केला. मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक शिरढोणजवळच्याच पळस्प्यापर्यंत येऊन धडकले. परतताना ते गोळीला बळी पडले. द्रव्य व शिस्त या दोहोंच्या अभावी बंड विस्कटले, हे मान्य केले पाहिजे. जुलैमध्ये देवर नावदगी येथे ते पकडले गेले. पुण्याच्या खटल्यात सार्वजनिक काकांनी त्यांचा बचाव केला. जन्मठेपेवर त्यांना एडनला धाडण्यात आले. तेथूनही दार उचकटून ते एकदा निसटले, पुन्हा सापडले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तेथेच त्यांचा अंत झाला.

बंड मोडले, पण शाळा टिकली. वासुदेव बळवंतांच्या जन्माला शंभर वर्षे झाली त्या १९४५ सालीच योगायोगाने संस्थेने पुण्यात महाविद्यालय काढले. तेच आजचे आबासाहेब गरवारे महाविद्यालय. तेथे संगणकशास्त्र शिकविले जाते आणि दरवर्षी नवी मुले आपला पहिला फेरा लिहावयास बसतात.