अस्सल हसू शोधणारा डॉक्टर

समोरचा मनापासून हसतो आहे की तोंडदेखले, हे माणसाच्या नजरेला क्षणात उमगते. हा फरक चेहऱ्यावर नेमका कुठे असतो, याचा शोध घेतला तो गीयोम द्युशेन या फ्रेंच डॉक्टरने. त्याचे स्वतःचे आयुष्य मात्र हसण्याजोगे नव्हते.

द्युशेन यांचा जन्म १८०६ चा, समुद्रकाठच्या बुलोन्य गावातला. दर्यावर्दी घराण्याचा वारसा बाजूला सारून त्यांनी वैद्यक पत्करले. १८३३ मध्ये पत्नी बाळंतपणानंतर दगावली. मुलगा आजोळी वाढला, बापलेकांत अनेक वर्षांचे अंतर पडले. १८४२ मध्ये द्युशेन पॅरिसला आले. कोणतेही मोठे पद नसताना ते रुग्णालयांमधून हिंडत, विजेच्या सौम्य प्रवाहाने रुग्णांचे स्नायू तपासत.

त्यातूनच त्यांचे लक्ष चेहऱ्याकडे वळले. चेहऱ्याची संवेदना गेलेला एक दात नसलेला म्हातारा त्यांना मिळाला. वेदना न देता एकेक स्नायू आकुंचित करून त्यांनी छायाचित्रे काढवली. केवळ भुवईचा स्नायू आकुंचला, तरी पाहणाऱ्याला सारा चेहरा बदलल्याचा भास होई. प्रारंभी तेही फसले. भुवई झाकल्यावर कळले, की चेहऱ्याचा खालचा भाग जागचा हललाच नव्हता. नजर भुवईने अशी काही खेचून घेतली होती, की उरलेला चेहरा तिने स्वतःच रंगवला!

हसण्याबाबतही असेच झाले. ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू इच्छेने हलवता येतो. डोळ्यांभोवतीचा स्नायू मात्र खऱ्या आनंदानेच हलतो, असा निष्कर्ष १८६२ च्या ग्रंथात त्यांनी मांडला. डार्विन यांनी विजेने घडवलेल्या हसूचे चित्र २४ जणांना दाखवले. तिघांना त्याचा अर्थच लागला नाही; इतरांना ते हसू वाटले, पण निर्मळ वाटले नाही. म्हाताऱ्याचे नैसर्गिक हसू मात्र सर्वांनी लगेच ओळखले.

डोळ्यांपर्यंत पोहोचणाऱ्या हसूला मानसशास्त्रात आज 'द्युशेन हसू' म्हणतात. अर्थात, ते अनेकांना ठरवूनही आणता येते, हे पुढच्या संशोधनात दिसले. द्युशेन यांचा निष्कर्ष तेवढा पक्का नव्हता.

मुलगा पुढे पॅरिसला येऊन डॉक्टर झाला, वडिलांना भेटला. पण त्यांच्या हयातीतच गेला. द्युशेन १८७५ मध्ये निवर्तले. आपल्या छायाचित्रांचा संग्रह त्यांनी पॅरिसच्या कलाविद्यालयाला देऊन ठेवला होता.