चकतीच्या ब्रेकाचे जनक फ्रेडरिक लँचेस्टर

वराळ्यासारख्या मावळांतील गांवीं राहणाऱ्यास पावसाळ्यांत एक दृश्य पुष्कळदां दिसतें. भाताच्या खाचरांच्या कडेनें एखादी जुनी जीप चिखल तुडवीत येते, ओढ्याच्या पाण्यांत अर्धीं चाकें बुडवून पलीकडे निघते, आणि पुढच्या उतारावर चालक ब्रेकवर पाय दाबतो, तों गाडी क्षणभर त्याचें ऐकतच नाहीं. दुसरें दृश्य खंडाळ्याच्या घाटांतलें. मालानें लादलेला ट्रक उतार संपतां संपतां रस्त्याच्या कडेस उभा असतो, आणि त्याच्या चाकांतून जळक्या वासाचा धूर येत असतो. पहिल्या गाडीचे ब्रेक पाण्यानें दुबळे झालेले असतात, दुसरीचे उष्णतेनें. अशा वेळीं दोष चालकाचाच असतो असें नाहीं. पुष्कळ अंशीं तो ब्रेकाच्या घडणींत असतो.

भोर घाटांतून १८३० सालीं गाडीरस्ता झाला आणि १८६३ सालीं आगगाडी चढूं लागली. तेव्हांपासून या भागांतील लोकांस अनुभवानें ठाऊक आहे कीं, गाडी घाट चढविणें जितकें कठीण, तितकेंच ती सांभाळून उतरविणें कठीण. हें दुसरें काम सुकर करणारी एक युक्ति ज्यांनीं १९०२ सालींच शोधून काढली, त्या फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर यांचें चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

लँचेस्टर यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८६८ रोजीं लंडनजवळील लेविशॅम येथें झाला. त्यांचे वडील वास्तुशिल्पाचा व्यवसाय करीत, आणि आई लॅटिन व गणित शिकवीत असत. आठ भावंडांत फ्रेडरिक हे चौथे. साउदॅम्टन येथील हार्टली संस्थेंत शिक्षण झाल्यावर शिष्यवृत्ति मिळवून ते लंडनमधील केन्सिंग्टन येथील विज्ञान-विद्यालयांत गेले. तेथें यंत्रविद्येचें प्रत्यक्ष शिक्षण पुरेसें मिळत नाहीं असें पाहून त्यांनीं फिन्सबरी येथील तंत्रशाळेच्या सायंकाळच्या वर्गांत नांव घातलें. दिवसा विज्ञानाचे सिद्धांत आणि सायंकाळीं यंत्रशाळा, असा त्यांचा क्रम होता. शेवटीं पदवी न घेतांच ते विद्यालयांतून बाहेर पडले. यावरून पदवी निरर्थक आहे असें कोणीं समजूं नये. जें विद्यालयांत मिळालें नाहीं, तें त्यांनीं स्वतः होऊन दुसरीकडे मिळविलें, एवढेंच यांतून घ्यावयाचें आहे.

प्रथम त्यांस पेटंट कचेरींत आराखडे काढण्याचें काम मिळालें. पगार आठवड्यास ३ पौंड होता. परंतु १८८८ सालच्या अखेरीस ते बर्मिंगहॅमजवळील सॉल्टली येथें गॅस-इंजिनें करणाऱ्या एका कारखान्यांत साहाय्यक व्यवस्थापक म्हणून गेले, आणि तेथें त्यांस आठवड्यास अवघा १ पौंड मिळूं लागला. पगार तिसऱ्या हिश्शावर आला, तरी हात यंत्रांपर्यंत पोंचले. त्या नोकरीच्या करारांत असें एक कलम होतें कीं, नोकरानें जो कांहीं शोध लावावा, तो कारखान्याच्या मालकीचा व्हावा. वीस वर्षांच्या या तरुणानें सही करण्यापूर्वी तें कलम शाईनें खोडून टाकलें. गरज आपली असतांना हें धैर्य दाखविणें सोपें नसतें. पुढें थोड्याच काळांत त्यांनीं इंजिनाची गति आपोआप आवरून धरणारें साधन व इंजिन सुरू करण्याची सोय, असे दोन शोध लावले, आणि त्या दोहोंचे हक्क त्यांच्याच हातीं राहिले.

गॅस-इंजिनांवरून त्यांचें लक्ष पेट्रोलच्या इंजिनाकडे वळलें. आरंभीं असें एक इंजिन त्यांनीं होडीस जोडलें. मग १८९५ सालीं त्यांनीं मोटारगाडी बांधली आणि १८९६ च्या आरंभीं ती रस्त्यावर आणली. संपूर्णपणें इंग्लंडांत योजलेली व घडविलेली चार चाकांची ही पहिली पेट्रोल-मोटार मानली जाते. त्या वेळीं तेथील कायद्यानें यांत्रिक गाडीस उघड्या रस्त्यावर तासास ४ मैलांहून अधिक वेगानें जाण्याची मनाई होती. तो निर्बंध १८९६ च्या अखेरीस सैल झाला. इतर लोक घोडागाडीसच इंजिन बांधीत असतां लँचेस्टर यांनीं मोटार ही निराळीच वस्तु आहे असें धरून तिचा प्रत्येक भाग नव्यानें योजिला. डिसेंबर १८९९ मध्यें बर्मिंगहॅम येथें त्यांची कंपनी निघाली. जॉर्ज व फ्रँक हे दोघे भाऊ त्यांच्या जोडीस होते. एका गाडीचा भाग दुसरीस नेमका बसावा, हा त्यांचा कारखान्यांतील कटाक्ष होता.

आतां ब्रेकाविषयीं सांगूं. १९०२ सालीं लँचेस्टर यांनीं एका नव्या ब्रेकाचें पेटंट घेतलें. त्याची रचना सांगावयास अगदीं सोपी आहे. गाडीच्या मागील चाकास धातूची एक पातळ चकती पक्की जोडावयाची, म्हणजे चाक फिरलें कीं ती फिरेल. तिच्या कडेवर चिमट्यासारखे दोन जबडे ठेवावयाचे. चालकानें ब्रेक दाबला कीं जबडे दोहों बाजूंनीं चकतीस चिमटींत धरतात, आणि चकतीबरोबर चाकही मंदावतें. फिरती थाळी आपण दोन बोटांत धरून थांबवितों, तसाच हा प्रकार आहे.

त्याच सुमारास फ्रान्समध्यें लुई रेनो यांनीं ड्रमचा ब्रेक पुढें आणला. त्यांत चाकाबरोबर एक पोकळ डबा फिरतो, आणि ब्रेक दाबला कीं डब्याच्या आंत बसविलेले दोन अर्धगोल शू बाहेर फांकून त्याच्या भिंतीस घासतात. पुढें अर्धें शतक जगानें रेनो यांचा डबा स्वीकारला आणि लँचेस्टर यांची चकती बाजूस ठेवली. असें कां झालें?

पहिलें कारण म्हणजे, योग्य द्रव्य त्या काळीं उपलब्ध नव्हतें. जबड्यांच्या टोकांस लँचेस्टर यांनीं तांब्याचें अस्तर लाविलें होतें. धातूवर धातु घासून कर्कश किंकाळी उठे, आणि धुळीच्या रस्त्यांवर तांबें लौकर झिजून जाई. इंग्लंडांतीलच हर्बर्ट फ्रूड यांनीं पुढें कांहीं वर्षांनीं ॲस्बेस्टॉसचें अस्तर तयार केलें, आणि उष्णता सोसणारें टिकाऊ अस्तर मिळालें. त्याच ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांस घातक ठरून अनेक देशांनीं नंतर ती वस्तु वर्ज्य केली. म्हणून जुन्या ड्रममधील धूळ फुंकून काढूं नये, असें आम्ही येथेंच सांगून ठेवतों.

दुसरें कारण बळाचें. ड्रम फिरतांना पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढतो, त्यामुळें तो शू अधिकच घट्ट दाबला जातो. म्हणजे ड्रमच्या ब्रेकास गाडीच्या गतीचेंच साहाय्य मिळतें. चकतीस तसें साहाय्य नाहीं. तेथें सारा जोर चालकाच्या पायाला लावावा लागतो. तेलाच्या दाबानें चालणारे ब्रेक व पायाचा जोर वाढविणारीं साधनें येईपर्यंत चकतीचे दिवस येणें कठीण होतें.

परंतु ड्रमचे गुण घाटांत दोष ठरतात. डबा बंद असल्यामुळें घर्षणाची उष्णता लौकर बाहेर पडत नाहीं. तापलेला ड्रम फुगून शूपासून दूर सरतो, अस्तराची पकड उणी होते, आणि पाय खालीं जात असतांही गाडी पुढेंच जाते. पाणी किंवा चिखल आंत शिरला तर तो आंतच राहतो. चकती मात्र उघडी असते. वारा तिला थंड करतो; पाणी लागलें तर फिरतांना बरेंचसें झडतें, व उरलेलें पॅड पुसून टाकतात; ती तापून फुगली तर पॅडकडेच येते. लँचेस्टर यांचें तत्त्व बरोबर होतें; त्या तत्त्वास साजेसें साहित्य मात्र मागाहून आलें.

गाड्या उत्तम असूनही पैशाच्या अडचणीनें त्यांची कंपनी १९०४ सालीं बुडाली. दुसऱ्या वर्षीं ती नव्या नांवानें उभी राहिली, परंतु तींत त्यांचें मन रमलें नाहीं. १९०९ सालीं त्यांनीं व्यवस्था सोडली व ते सल्लागार झाले. इंजिनाची थरथर नाहींशी करणारीं त्यांनीं योजिलेलीं साधनें आजही यंत्रज्ञांस उपयोगी पडतात.

त्यांची बुद्धि मोटारींपुरती मर्यादित नव्हती. १८९४ सालींच, म्हणजे राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाच्या ९ वर्षें आधीं, त्यांनीं पंख हवेंत वजन कसें तोलून धरतो याविषयीं बर्मिंगहॅम येथें व्याख्यान दिलें. तो विषय निबंधरूपानें लंडनच्या विद्वानांकडे पाठविला असतां १८९७ सालीं तो नापसंत ठरला. त्यांनीं काम सोडलें नाहीं. १९०७ व १९०८ सालीं दोन मोठे ग्रंथ लिहून तें पूर्ण केलें. पंखाच्या टोकांपासून मागें हवेचे भोवरे सुटतात हा त्यांचा विचार पुढें जर्मनींतील प्रांटल यांच्या गणितानें दृढ झाला, आणि आज विमानविद्येंत दोघांचीं नांवें एकत्र घेतलीं जातात.

१९१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत त्यांनीं युद्धाचें गणित मांडलें. मोकळ्या मैदानांत प्रत्येकास प्रत्येकावर मारा करतां येत असेल, तर सैन्याचें बळ संख्येच्या वर्गाप्रमाणें वाढतें. दुप्पट सैन्य चौपट बलवान ठरतें. परंतु जेथें माणसास माणूसच भिडूं शकतो, तेथें हा वर्गाचा नियम चालत नाहीं. हें वाचतांना आम्हांस लोणावळ्याच्या घाटाखालील उंबरखिंड आठवते. १६६१ सालीं शिवाजी महाराजांनीं कारतलबखानाची मोठी फौज त्या अरुंद वाटेंत गाठली, आणि तिची संख्या तिच्या कामास आली नाहीं. जें गणित लँचेस्टर यांनीं कागदावर मांडलें, त्याचें मर्म सह्याद्रींतील माणसास आधींच उमगलें होतें.

१९१९ सालीं, वयाच्या पन्नाशींत, त्यांनीं एका धर्मोपदेशकाच्या कन्येशीं विवाह केला. त्यांस अपत्य झालें नाहीं. १९२२ सालीं ते रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले, आणि पुढें मानाचीं पदकेंही मिळालीं. परंतु पदकांनीं घर चालत नाहीं. कंपवाताचा विकार जडला, दृष्टि अधू झाली, आणि अखेरचे दिवस पैशाच्या ओढाताणींत गेले. ८ मार्च १९४६ रोजीं बर्मिंगहॅममधील मोझली येथें राहत्या घरीं त्यांचें देहावसान झालें.

त्यानंतर अवघ्या ७ वर्षांनीं, १९५३ सालीं, फ्रान्समधील ल माँ येथील २४ तासांची शर्यत चकतीचे ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीनें जिंकली. इतर गाड्यांहून ती वळणाच्या अधिक जवळ जाऊन ब्रेक लावूं शकत होती. १९५५ सालीं सित्रोएन कंपनीनें सामान्य ग्राहकांच्या गाडीस पुढील चाकांवर चकत्या दिल्या. पन्नास वर्षांपूर्वीं बाजूस पडलेली कल्पना घरोघर पोंचूं लागली.

आपल्याकडे १९४७ सालीं मुंबईस विलीज जीप जुळविण्यास आरंभ झाला. त्या जीपच्या चारही चाकांस ड्रमच होते. अशा जुन्या गाड्या गडांच्या वाटांवर नेणारे हौशी लोक आतां मागील ड्रम काढवून तेथें चकत्या बसवून घेतात. कारागीर ड्रम, शू व त्यांना धरणारी पाठीमागची प्लेट काढतो, त्या जागीं जाड पोलादी ब्रॅकेट आवळतो, हबवर चकती चढवितो आणि ब्रॅकेटवर कॅलिपर बसवून त्यास ब्रेक ऑइलची नळी जोडतो. येथवर काम सोपें दिसतें. खरी परीक्षा पुढें आहे. ड्रमसाठीं केलेल्या मास्टर सिलिंडरांत थोडा दाब राखून ठेवणारी झडप असते. ती तशीच राहिली तर पॅड चकतीस सतत घासत राहतात. कॅलिपरास तेलही अधिक लागतें. मागचा ब्रेक फार तीव्र झाला तर मागचीं चाकें आधीं अडकून ओल्या रस्त्यावर गाडी फिरते, म्हणून पुढचा व मागचा दाब प्रमाणांत ठेवावा लागतो. विलीज जीपचा हँडब्रेक चाकांत नसून मागील ॲक्सलकडे जाणाऱ्या दांड्यावर असतो, त्यामुळें तो तसाच राहतो. ज्या गाडीचा हँडब्रेक मागील ड्रममध्यें असतो, तिच्यासाठीं निराळी सोय केल्यावांचून ड्रम काढणें म्हणजे चढावर गाडी निराधार सोडणें होय. हें काम जाणत्या कारागिराकडून व परिवहन कार्यालयास विचारूनच करावें, अशी आमची पालकांस विनंति आहे.

लँचेस्टर यांस आपल्या शोधाचें फळ पाहावयास मिळालें नाहीं. त्यांचें नांवही फारसें कोणास ठाऊक नाहीं. पण घाटांत भर पावसांत एखादी गाडी वळणाअलीकडे वेळेवर थांबते, आंतलीं मुलें झोपेंत थोडीं हलतात व पुन्हां झोपीं जातात, तेव्हां त्या शांत झोपेचा कांहीं वांटा या खोडून टाकलेल्या कलमाच्या माणसाकडे जातो. आमच्या विद्यार्थ्यांनीं पुढें मोटार चालविली किंवा दुरुस्त केली, तर उतारापूर्वी एकवार ब्रेक तपासावा आणि त्या वेळीं लँचेस्टर यांचें स्मरण करावें.