कागदावरचा परका : डॉ. पांडुरंग खानखोजे

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी मी वय, राष्ट्रीयत्व व अधिवास यांचा दाखला काढायला शहापूरला गेलो होतो. शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, तलाठ्याचा रहिवासी दाखला, वडिलांची कागदपत्रे असे सारे एका पिशवीत घालून रांगेत उभा राहिलो. ज्या गावात आमच्या चार पिढ्यांनी भात लावला त्या गावचा मी आहे, हे सिद्ध करायला एवढे कागद लागावेत याची तेव्हा मला गंमत वाटली. पण त्याच आठवड्यात मी ग्रंथालयातून डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे चरित्र आणले होते. ते वाचून झाल्यावर ती गंमत राहिली नाही.

मुरबाड तालुक्यात माझे आजोळ. तिथल्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दरवर्षी त्या दिवशी लोक तिथे जातात, मीही गेलो आहे. स्वातंत्र्यासाठी मरणारा माणूस म्हटला की आमच्या डोळ्यांसमोर तो डोंगर येतो. पण स्वातंत्र्यासाठी देशाबाहेर गेला आणि ज्याला परतायचे दारच उरले नाही, अशा माणसाचे काय होते, याचा विचार मी कधी केला नव्हता.

खानखोजे वर्ध्याचे. शिक्षण तिथे आणि नागपुरात झाले. टिळकांच्या प्रभावाखाली वाढलेल्या पिढीतले हे तरुण या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात जपानमार्गे अमेरिकेला पोचले. तिथे त्यांनी शेतीशास्त्र शिकण्यास सुरुवात केली आणि त्याच बरोबर बंदुकीच्या वाटेने देश सोडवण्याची खटपटही. १९१३ मध्ये उभ्या राहिलेल्या गदर पक्षाच्या संस्थापकांत त्यांचे नाव घेतले जाते.

पण तो काळ हिंदी माणसासाठी तिकडे कसा होता? १९०७ च्या सप्टेंबरात वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम येथे लाकूड-गिरण्यांत काम करणाऱ्या हिंदी मजुरांना गोऱ्या जमावाने मारहाण करून गावाबाहेर काढले. १९०८ मध्ये कॅनडाने नियम केला की मायदेशातून न थांबता, एकाच सलग प्रवासाने आलेल्यालाच प्रवेश मिळेल. वरवर पाहता नियमात कोणाचे नाव नव्हते. पण हिंदुस्थानातून तसा सलग प्रवास करण्याची सोयच नव्हती! १९१४ साली कोमागाटा मारू जहाजावरचे ३७६ प्रवासी व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने अडकून पडले. त्यांतल्या मोजक्यांना उतरू दिले आणि बाकीच्यांना परत पाठवले. १९१७ मध्ये अमेरिकेनेही आशियातल्या बहुतेक मुलखासाठी दार लावून घेतले.

याहून वाईट पुढे होते. १९२३ च्या फेब्रुवारीत भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की हिंदी माणूस कायद्याच्या दृष्टीने गोरा नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. मग आधी नागरिकत्व मिळालेल्यांचेही कागद परत घेण्याचे खटले सुरू झाले. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित १९१४ पासून अमेरिकेचे नागरिक होते. त्यांच्यावरही ती पाळी आली. त्यांची पत्नी अमेरिकन, आणि नवऱ्यामुळे तिचेही नागरिकत्व धोक्यात. पंडित स्वतःसाठी लढले. एकदा न्यायालयाने विचार करून दिलेला निर्णय असा उलटवता येत नाही, ही त्यांची बाजू १९२६ मध्ये अपील न्यायालयाने मान्य केली. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे ऐकायलाच नकार दिला. वकील होते म्हणून निभावले; साध्या गिरणीमजुराने काय केले असते?

खानखोजे तोपर्यंत अमेरिकेत राहिलेच नव्हते. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर ते तुर्कस्तानमार्गे इराणात गेले. तिथून हिंदुस्थानच्या सरहद्दीवर उठाव करण्याचा बेत होता, तो फसला. पुढे बर्लिन, मॉस्को. हिंदुस्थानात इंग्रज त्यांच्या वाटेवर डोळे लावून बसलेले. अशा माणसाला अखेर १९२४ च्या सुमारास मेक्सिकोने जागा दिली. कॅलिफोर्नियात असताना मेक्सिकन क्रांतिकारकांशी झालेली ओळख तिथे कामी आली. ओळखीच्या चिठ्ठीने जे होते ते अर्जाने होत नाही, हा अनुभव फक्त आपल्याकडचाच आहे असे नाही.

चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले. मका हा त्यांचा मुख्य विषय. आमच्या परसात आषाढात चार ओळी मका लावतात, कणसे भाजून खाण्यापुरता. मेक्सिकोत मात्र मका म्हणजे भाकरीच. त्या मक्याच्या सुधारित जाती काढायच्या आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवायच्या, हे काम खानखोजे यांनी वर्षानुवर्षे केले. दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने मेक्सिको शहरातील शिक्षण खात्याच्या इमारतीत काढलेल्या भित्तिचित्रात जेवणाच्या टेबलावर भाकरी वाटणारा माणूस आहे. ते खानखोजे असल्याचे सांगतात. १९३६ मध्ये त्यांनी जीन सिंडिक या बेल्जियन स्त्रीशी लग्न केले. सावित्री आणि माया या त्यांच्या मुली.

१९४७ आले. ज्यासाठी घर सोडले ते घडले. १९४९ मध्ये नागपूरच्या मध्य प्रांत सरकारने शेतीविषयक सल्ल्यासाठी त्यांना बोलावले. आणि इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो, कारण त्यांना भारतात यायला व्हिसा मागावा लागला आणि तो आधी नाकारला गेला! इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते आणि ती यादी स्वतंत्र भारताच्या कचेरीत तशीच चालू होती. नकार देणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात वाईट काही नसेलही. यादीत नाव आहे, एवढेच त्याने पाहिले असेल. राज्य बदलले तरी फाइल बदलत नाही. १९४६ चा परकीय नागरिकांविषयीचा कायदासुद्धा इंग्रजी अमदानीतला. तो २०२५ मध्ये नवा कायदा येईपर्यंत टिकला.

शेवटी परवानगी मिळाली, ते येऊन गेले. पण येऊन जाणे वेगळे आणि राहणे वेगळे. राज्यघटनेने परदेशी राहणाऱ्या भारतीय वंशाच्या माणसाला आपल्या वकिलातीत नोंदणी करून नागरिक होण्याची वाट ठेवली होती. मात्र स्वखुशीने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेल्याला ती बंद होती. स्वखुशीने हा शब्द वाचताना मला खानखोजे यांचे आयुष्य आठवते. इंग्रजांच्या राज्यात परतलो तर तुरुंग, ही ज्याची स्थिती, त्याची खुशी कशी मोजायची?

१९५५ मध्ये ते कुटुंबासह कायमचे परतले आणि नागपुरात राहिले. त्याच वर्षी, ३० डिसेंबरला, नागरिकत्व कायदा अमलात आला. भारतीय वंशाच्या माणसाने इथे सहा महिने राहून नोंदणीसाठी अर्ज करावा, अशी तरतूद त्यात होती. पुढे ती मुदत पाच आणि मग सात वर्षांवर गेली. म्हणजे खानखोजे त्यातल्या त्यात सोप्या नियमाच्या काळात आले, असेच म्हणायला हवे. तरीही वर्ध्यात वाढलेल्या सत्तरीच्या म्हाताऱ्याला भारतीय ठरण्यासाठी फॉर्म भरण्याची वेळ यावी, हे मला अजून नीट पचत नाही.

२२ जानेवारी १९६७ रोजी ते नागपुरात वारले.