प्लेगच्या दिवसांतील लोकमान्य

लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी १ ऑगस्टला येते. त्या दिवशी स्वराज्याच्या लढ्याचे स्मरण सर्वत्र होते. परंतु १८९७ सालच्या प्लेगात त्यांनी जे केले, ते सभासद-कुटुंबांनी विशेष ध्यानात घ्यावे असे वाटते.

१८५६ साली रत्नागिरीस जन्मलेले बाळ गंगाधर टिळक चाळिशीत पोहोचले, तोच १८९६ च्या अखेरीस मुंबईत गाठीच्या तापाने थैमान मांडले. लवकरच तो पुण्यात शिरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा संमत केला आणि पुण्याच्या प्लेग कमिटीवर रँडसाहेबाची नेमणूक झाली. मार्चपासून गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर झडती घेऊ लागल्या. माजघर, देवघर यांचा विधिनिषेध राहिला नाही, अशी तक्रार घरोघरी ऐकू येऊ लागली. रोगी इस्पितळात, घरची माणसे सेग्रिगेशन कँपात! लोक भयाने आजारी माणसे लपवू लागले. ज्यांना ऐपत होती ते शहर सोडून गेले. त्यांत पुढारी म्हणविणारेही पुष्कळ होते.

टिळकांना जाणे अवघड नव्हते. पत्नी व लहान मुले घरात होती, आणि कोणी दोष दिला असता असेही नाही. तथापि ते राहिले. त्यांची भूमिका दोन्ही बाजूंना गैरसोयीची होती. रोगी वेगळा ठेवणे अवश्य आहे, लपविणे हे शेजाऱ्यापाजाऱ्यांवर संकट आणणे आहे, असे ते लोकांना बजावीत. आणि त्याच लेखणीने ‘केसरी’त झडतीवाल्यांच्या जुलमावर कोरडे ओढीत. नुसत्या उपदेशाने सोवळ्यातल्या घरचा रोगी परक्या इस्पितळात जाणार नाही, हे ओळखून त्यांनी वर्गणी जमवून हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ उघडले व स्वतः तेथे जात राहिले. कँपातील लोकांच्या जेवणाची सोय पाहिली. झडतीच्या तुकड्यांबरोबर हिंडले. माझ्या मते त्यांच्या चरित्रातील हा भाग गीतारहस्याइतकाच वाचनीय आहे.

(त्याच मार्चमध्ये पुण्याजवळ हडपसरच्या बाजूस सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. १० तारखेस त्याच रोगाने त्यांचे निधन झाले.)

पिसवांमार्फत उंदरांकडून रोग माणसास होतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली दाखविले. अर्थात १८९७ मध्ये सारे अंधारात चाचपडत होते. दारे फोडून आवरेल अशी ती साथ नव्हती.

२२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली; तो ३ जुलैस मेला. सरकारचा रोष ‘केसरी’कडे वळला. २७ जुलैस टिळकांना अटक झाली आणि सप्टेंबरात राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची सक्तमजुरी. सुमारे वर्षभराने, सप्टेंबर १८९८ मध्ये ते सुटले.

प्लेग मात्र पुण्यास वरचेवर येतच राहिला. १९०३ साली ताईमहाराज प्रकरणाचे शुक्लकाष्ठ मागे लागलेले असतानाच लोकमान्यांचे ज्येष्ठ चिरंजीव विश्वनाथ प्लेगने गेले.