न झालेले दोन पाठ

शिक्षिकेचा मृत्यू तिच्याच विद्यार्थ्यांच्या डोळ्यांदेखत, तोही भर शाळेच्या वेळेत व्हावा, असा प्रसंग विरळाच. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेत तो घडला. उड्डाणानंतर ७३ सेकंदांतच ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान आकाशात भंगले आणि सातही प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यांत ३७ वर्षांच्या शिक्षिका क्रिस्टा मॅकऑलिफ होत्या. न्यू हॅम्पशायर राज्यातील कॉन्कॉर्ड येथे त्यांच्या शाळेच्या सभागृहात मुले टोप्या घालून, पिपाण्या वाजवीत दूरचित्रवाणीसमोर बसली होती. देशभरातील असंख्य वर्गांनीही हे दृश्य पाहिले.

क्रिस्टाबाईंचा जन्म १९४८ साली बोस्टन येथे झाला. १९७० मध्ये पदवी घेऊन त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला. इतिहास म्हणजे केवळ राजकारण्यांची आणि सेनापतींची कहाणी नव्हे, सामान्य माणसांच्या दैनंदिनीतूनही तो उलगडतो, ही त्यांची धारणा होती. अमेरिकन स्त्रीजीवनावरील एक अभ्यासक्रम त्यांनी स्वतः आखला होता. अवकाशात जाणारी पहिली सामान्य नागरिक व्यक्ती शिक्षक असेल, असे अध्यक्ष रेगन यांनी १९८४ मध्ये घोषित केले. अकरा हजारांहून अधिक अर्ज आले आणि १९८५ च्या जुलैत निवड झाली ती क्रिस्टाबाईंची. पूर्वी बैलगाड्यांतून पश्चिमेकडे स्थलांतर करणाऱ्या स्त्रिया रोजनिशी लिहीत. तशीच रोजनिशी आपण प्रवासात लिहावी, असा त्यांचा संकल्प होता. अवकाशातून त्या दोन पाठ देणार होत्या. ते झालेच नाहीत.

त्या दिवशी मुलांना वीरमरणाची महती सांगितली गेली, आणि ते योग्यच होते. परंतु पुढे रॉजर्स आयोगाच्या चौकशीत जे बाहेर आले, तेही मुलांना सांगणे तितकेच अगत्याचे आहे. उजव्या अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कडे कडाक्याच्या थंडीत ताठर झाले आणि तेथून तप्त वायू निसटला. हा धोका अनपेक्षित नव्हता. ते अग्निबाण बनविणाऱ्या कंपनीतील अभियंत्यांनी आदल्या रात्रीच उड्डाणास विरोध केला होता. वरिष्ठांनी तो डावलला. आधीच वारंवार लांबलेल्या उड्डाणाच्या घाईपुढे जाणकारांचा नकार दुबळा ठरला.

क्रिस्टाबाईंच्या जागी जाण्यासाठी सिद्ध असलेल्या शिक्षिका बार्बरा मॉर्गन २००७ मध्ये अवकाशात गेल्या. २०१८ मध्ये, पूर्वी शिक्षक असलेल्या दोन अंतराळवीरांनी क्रिस्टाबाईंनी योजिलेले काही पाठ अवकाशस्थानकातून सादर केले. तेवढे ऋण फिटले. दुसरे मात्र शिल्लक आहे, आणि ते केवळ अमेरिकेवर नाही. अडचणीचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला वर्गात खाली बसविले जाते. कचेरीत फाइलीवर प्रतिकूल शेरा मारणारा कारकून वरिष्ठांना खुपतो. क्रिस्टाबाईंचे स्मरण करावयाचे, तर त्या मुलाला आधी बोलू दिले पाहिजे.