तारणाची खात्री : चार्ल्स स्पर्जन यांचे किशोरवय

शब्बाथ शाळेत शिकविणाऱ्यांची एक सर्वसाधारण समजूत असते. वर्गातला जो मुलगा खोड्या करतो, वचन पाठ करून येत नाही, त्याच्या आत्म्याची काळजी करावी. आणि जो मुलगा सुवर्णवचन न चुकता म्हणून दाखवितो, ज्याचे आईवडील मंडळीच्या कामात पुढे असतात, त्याच्याविषयी निश्चिंत असावे. परंतु अशाच शहाण्या मुलाच्या मनात कधी कधी एक प्रश्न घर करून बसलेला असतो आणि तो प्रश्न तो कोणालाही विचारीत नाही. माझे खरोखर तारण झाले आहे काय, की मी केवळ ख्रिस्ती घरात वाढलो म्हणून बरा दिसतो? ज्या माणसाने पुढे हजारो लोकांना सुवार्ता सांगितली, त्याच्या कोवळ्या वयाची जवळजवळ पाच वर्षे ह्याच प्रश्नाच्या ओझ्याखाली गेली. ते म्हणजे चार्ल्स हॅडन स्पर्जन. त्यांच्या उपदेशांविषयी आपण पाळकांकडून पुष्कळ ऐकतो. आज आम्ही मुख्यतः त्यांच्या लहानपणाच्या झगड्याविषयी लिहीत आहोत.

चार्ल्सचा जन्म १९ जून १८३४ रोजी इंग्लंडातील एसेक्स परगण्यात केल्व्हेडन ह्या गावी झाला. वडील जॉन स्पर्जन हे कोलचेस्टर शहरात एका कोळशाच्या व्यापाऱ्याकडे कारकुनी करीत आणि रविवारी टोल्सबरी गावी जाऊन तेथील मंडळीत उपदेश करीत. आई एलायझा हिला सतरा मुले झाली, पण त्यांपैकी नऊ लहानपणीच वारली. चार्ल्स सर्वांत थोरला. तो अगदी तान्हा असतानाच त्याला स्टॅम्बोर्न येथे आजोबांकडे पाठविण्यात आले व पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत तो तेथेच वाढला. आजोबा जेम्स स्पर्जन त्या गावच्या मंडळीचे पाळक होते.

आजोबांच्या घरात एक अंधारी खोली होती. त्या काळी इंग्लंडात खिडक्यांवर कर असे, म्हणून तिची खिडकी बुजवून टाकलेली होती. त्या खोलीत जुन्या ईश्वरनिष्ठ लेखकांचे जाडजूड ग्रंथ पडून असत. लहानगा चार्ल्स त्यांतले एकेक पुस्तक उजेडात आणून चाळीत बसे. तेथेच त्याला जॉन बन्यन यांचे पुस्तक सापडले. हेच ते पुस्तक, जे आपल्याकडे हरि केशवजी यांनी १८४१ साली 'यात्रिकक्रमण' ह्या नावाने मराठीत आणले. पाठीवर भले मोठे गाठोडे घेऊन चाललेल्या यात्रिकाचे चित्र पाहून त्या मुलाला त्याची फार कीव आली. ते गाठोडे एक दिवस आपल्याही पाठीवर येणार आहे, हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हते.

मुलगा हुशार होता आणि इतर मुलांसारखाच मुलगाही होता. आजीने प्रत्येक गीत पाठ करण्याबद्दल त्याला एक पेनी देऊ केली, तेव्हा त्याने इतक्या भराभर गीते पाठ केली की आजीला भाव उतरवावा लागला. तेवढ्यात आजोबांनी घरातले उंदीर मारण्याबद्दल डझनामागे एक शिलिंग देऊ केला. गीतांपेक्षा उंदरांत किफायत अधिक आहे हे पाहून स्वारी तिकडे वळली. पुढे मात्र त्यांनी कबूल केले की उंदरांचे पैसे केव्हाच संपले, गीते जन्मभर उपयोगी पडली.

कोलचेस्टरच्या घरी परत आल्यावर आईचे शिक्षण सुरू झाले. वडील उपदेशासाठी बाहेरगावी गेलेले असत, तेव्हा रविवारी संध्याकाळी आई सर्व मुलांना मेजाभोवती बसवी. पवित्र शास्त्रातील अध्याय एकेक वचन करून वाचला जाई आणि आई त्याचा अर्थ सांगे. नंतर पापी जनांना जागे करणाऱ्या जुन्या पुस्तकांतून काही भाग वाचून ती प्रत्येक मुलाला त्याच्या आत्म्याची स्थिती विचारी. एकदा तिने प्रार्थनेत असे म्हटले की ही माझी मुले नाशास गेली तर ती अज्ञानामुळे गेली असे होणार नाही, आणि न्यायाच्या दिवशी मला त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी लागेल. हे शब्द चार्ल्सच्या काळजात घुसले.

तो दहा वर्षांचा असताना, म्हणजे १८४४ साली, आणखी एक गोष्ट घडली. रिचर्ड निल नावाचे एक वयस्क मिशनरी स्टॅम्बोर्न येथे आले. त्यांनी तरुणपणी काही काळ आपल्या देशात दक्षिण त्रावणकोरात काम केले होते. सकाळी लवकर उठून ते चार्ल्सला बागेत घेऊन जात, प्रभूच्या प्रीतीविषयी बोलत आणि त्याच्याबरोबर गुडघे टेकून प्रार्थना करीत. जाण्यापूर्वी त्यांनी घरच्या सर्व मंडळींसमोर सांगितले की हा मुलगा एक दिवस सुवार्तेचा मोठा उपदेशक होईल.

वाचकहो, आता ह्या मुलाची स्थिती पाहा. आजोबा पाळक, वडील उपदेशक, आई प्रार्थना करणारी, आणि एका मिशनरीने त्याच्याविषयी भविष्य वर्तविलेले. असा मुलगा आपले तारण झाले नाही अशी शंका कोणापुढे बोलून दाखविणार? त्याने ती मनातच ठेवली. रात्री अंथरुणावर पडल्यावर आपण सकाळी उठलोच नाही तर कोठे जाऊ, ह्या विचाराने त्याला भीती वाटे. तो प्रार्थना करी, पण आपली प्रार्थना छतापलीकडे जात नाही असे त्याला वाटे. पश्चात्ताप करू जाई, तर हा पश्चात्ताप पुरेसा खोल नाही असे मन सांगे. रडू आले नाही तर मन कठीण झाले म्हणून घाबरे, आणि रडू आले तर हे अश्रू खरे कशावरून म्हणून घाबरे. बॅक्स्टर, डॉड्रिज, ॲलिन यांची पुस्तके त्याने वाचून काढली. त्यांनी त्याला त्याचे पाप अधिक स्पष्ट दाखविले. मध्यंतरी एक वेळ अशीही आली की देवच नाही असे मानून सुटका करून घ्यावी असा विचार त्याच्या मनात शिरला. पण त्या वाटेने जाता जाता स्वतःच्या अस्तित्वाविषयीही शंका येऊ लागली, तेव्हा तो घाबरून मागे फिरला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ह्या मुलाला शास्त्राचे ज्ञान कमी नव्हते. ख्रिस्त पाप्यांसाठी मरण पावला हे त्याला बोलता येऊ लागल्यापासून ठाऊक होते. परंतु त्याची दृष्टी सतत स्वतःकडे लागलेली होती. माझा विश्वास केवढा आहे, माझे दुःख किती आहे, माझ्या मनात प्रीती आहे की नाही, हे तो पुन्हापुन्हा तपाशीत होता. रोप रुजले की नाही हे पाहण्यासाठी कोणी ते रोज उपटून पाहिले तर ते कसे रुजेल?

१८४९ च्या ऑगस्टात तो न्यूमार्केट येथील एका शाळेत शिकण्यासाठी व धाकट्या मुलांना शिकविण्यासाठी गेला. वर्षाच्या अखेरीस तेथे तापाची साथ आली, शाळा बंद झाली आणि चार्ल्स कोलचेस्टरला घरी आला. आता त्याने निश्चय केला की गावातील प्रत्येक उपासना मंदिरात जावे; कोठे तरी आपल्याला क्षमेचा मार्ग कळेल. तो अनेक ठिकाणी गेला. एके ठिकाणी देवाच्या सार्वभौमत्वावर उपदेश झाला, दुसऱ्या ठिकाणी नियमशास्त्रावर, तिसऱ्या ठिकाणी पवित्र जनांच्या अनुभवांवर. उपदेश चांगलेच होते. परंतु ज्याला पापाची क्षमा कशी मिळेल एवढेच विचारायचे होते, त्या मुलाच्या हाती काही लागले नाही.

६ जानेवारी १८५०, रविवारची सकाळ. बर्फ इतके पडत होते की ठरविलेल्या मंदिरापर्यंत जाणे चार्ल्सला कठीण झाले, म्हणून तो वाटेतल्या एका गल्लीत वळला. आर्टिलरी स्ट्रीटवर प्रिमिटिव्ह मेथडिस्ट लोकांचे एक लहानसे मंदिर होते. आत जेमतेम बारा-पंधरा माणसे होती. बर्फामुळे उपदेशक येऊ शकले नव्हते. शेवटी एक हडकुळा, साधासुधा माणूस उपदेशासाठी उभा राहिला. तो चांभार किंवा शिंपी असावा असे चार्ल्सला वाटले. त्याला फारसे शिक्षण नव्हते. त्याने यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायातील बाविसावे वचन घेतले, ज्यात देव पृथ्वीच्या सर्व सीमांना आपल्याकडे वळून तारण पावण्यास बोलावतो. बोलण्यासारखे दुसरे फार नसल्यामुळे तो त्या वचनाला धरून राहिला. पाहण्यासाठी विद्वत्ता लागत नाही, पैसा लागत नाही, लहान मूलही पाहू शकते, आणि पाहायचे ते स्वतःकडे नव्हे तर ख्रिस्ताकडे, एवढेच तो उलटसुलट सांगत राहिला.

दहा मिनिटांत त्याचे बोलणे संपत आले. मग त्याची नजर गॅलरीखाली बसलेल्या अनोळखी मुलावर गेली. तू फार दुःखी दिसतोस, असे तो सरळ त्याला म्हणाला, आणि आत्ताच येशूकडे पाहा असे त्याने मोठ्याने सांगितले. चार्ल्सने पाहिले. पाच वर्षे आपण काय काय करावे म्हणून तो विचारीत होता, आणि करण्याचे काहीच उरले नव्हते. सर्व काही ख्रिस्ताने वधस्तंभावर केलेले होते. त्या रात्री इतर मुले झोपावयास गेल्यावर त्याने वडिलांना ही हकीगत सांगितली. उपदेश करणाऱ्या त्या माणसाचे नाव मात्र चार्ल्सला जन्मभर कळले नाही. १८६४ साली प्रख्यात उपदेशक होऊन ते त्याच मंदिरात आले, तेच वचन घेऊन बोलले, आणि आपण कोठे बसलो होतो ती जागा त्यांनी दाखविली.

येथे कथा संपविली तर ती गोड होईल, पण अपुरी होईल. कारण चार्ल्सच्या शंका त्या दिवशी कायमच्या मेल्या नाहीत. १८५० च्या एप्रिल ते जून महिन्यांत त्याने लिहिलेली एक रोजनिशी त्यांच्या पत्नीने त्यांच्या मरणानंतर प्रसिद्ध केली. तीत आनंदाचे दिवस आहेत आणि मन थंड व कोरडे असल्याचे दिवसही आहेत. फरक एवढाच पडला होता की आता कोठे पाहावे हे त्याला कळले होते. आणि तो हातपाय जोडून बसला नाही. न्यूमार्केटला परत जाऊन तो घरोघर पत्रिका वाटी व शब्बाथ शाळेत मुलांना शिकवी. ३ मे १८५० रोजी तो सुमारे आठ मैल चालत आयलहॅम गावी गेला आणि तेथे लार्क नदीत त्याने बाप्तिस्मा घेतला. त्याच्या घरची मंडळी बालबाप्तिस्मा मानणारी होती. आई म्हणाली की तुझे तारण व्हावे म्हणून मी प्रार्थना केली, पण तू बाप्टिस्ट व्हावेस म्हणून कधी केली नव्हती. त्यावर मुलाने उत्तर दिले की प्रभूने आपल्या रीतीप्रमाणे मागितल्यापेक्षा अधिक दिले आहे.

पुढची हकीगत थोडक्यात सांगतो. सतराव्या वर्षी ते वॉटरबीच येथील मंडळीचे पाळक झाले. १८५४ साली ते लंडनला न्यू पार्क स्ट्रीट मंडळीत आले. १८६१ साली त्यांच्या मंडळीचे मेट्रोपोलिटन टॅबर्नॅकल हे मोठे मंदिर उघडले. उपदेशकांसाठी विद्यालय आणि स्टॉकवेल येथे अनाथाश्रम त्यांनी काढला. १८५५ पासून त्यांचे उपदेश दर आठवड्याला छापले जाऊ लागले, आणि ३१ जानेवारी १८९२ रोजी फ्रान्समध्ये मेंतों येथे त्यांचा अंत झाल्यानंतरही १९१७ पर्यंत ते छापले जात राहिले.

परंतु ह्याच माणसाला निराशेचे झटके जन्मभर येत होते. १९ ऑक्टोबर १८५६ रोजी सरे गार्डन्सच्या सभागृहात त्यांचा उपदेश चालू असता कोणीतरी आग लागल्याची खोटी ओरड केली आणि चेंगराचेंगरीत सात माणसे मेली. बावीस वर्षांचे स्पर्जन त्या धक्क्याने कित्येक दिवस खचून गेले. पुढे आपल्या विद्यार्थ्यांपुढे बोलताना त्यांनी मनाच्या ह्या अंधाराविषयी काही लपविले नाही. त्यांची पत्नी सुझाना हीही लग्नापूर्वी विश्वासात येऊन नंतर शंकांनी गोंधळलेली होती. १८५४ साली त्यांनी तिला बन्यन यांच्या त्याच पुस्तकाची प्रत भेट दिली आणि वाटेत तिची सोबत केली. ज्याने स्वतः ते गाठोडे वाहिले होते, त्यालाच दुसऱ्याच्या पाठीचे ओझे ओळखता आले.

शिक्षकबंधूंनो व भगिनींनो, ह्या चरित्रापासून आम्हांला वाटते ते सांगतो. चार्ल्सच्या आईने जे केले ते आपणही करावे, पण तेवढ्यावर थांबू नये. मुलाला त्याच्या पापाची जाणीव करून देणाऱ्याने त्याच बैठकीत त्याला तारणाऱ्याचे दर्शनही घडवावे. हुशार मुलाला सुवार्ता ठाऊकच आहे असे गृहीत धरू नये. साध्या शब्दांत ती पुन्हा सांगावी. आणि तू दुःखी दिसतोस, असे प्रीतीने विचारण्याचे धाडस एखाद्या अनोळखी कारागिराने केले, तर आपण आपल्याच वर्गातील मुलाला का विचारू नये?

तरुण मित्रांनो, तुमच्यासाठी दोन शब्द. स्पर्जन यांना आपल्या पालटाचा दिवस व जागा सांगता येत असे, म्हणून तुम्हालाही तारीख सांगता आलीच पाहिजे असे नाही. आपल्या आजी-आजोबांपैकी कित्येकांना आपली जन्मतारीख ठाऊक नव्हती, पण ते जिवंत आहेत ह्याविषयी कोणी शंका घेतली नाही. आपण तारलेले आहोत काय, ह्या प्रश्नाने ज्याची झोप उडते त्याला देवाने टाकून दिले आहे असेही समजू नका. मेलेल्या माणसाला ओझे जाणवत नाही. मनात शंका आली तर ती आईवडिलांपाशी, पाळकांपाशी किंवा शिक्षकांपाशी बोला, एकट्याने वाहू नका. आणि आपला विश्वास केवढा आहे हे मोजीत बसण्यापेक्षा ज्याच्यावर विश्वास ठेवायचा तो केवढा आहे हे पाहा. गॅलरीखाली बसलेल्या त्या पंधरा वर्षांच्या मुलाने तेच केले, आणि नंतरच्या प्रत्येक अंधाऱ्या दिवशी त्याला पुन्हा तेच करावे लागले. आपल्यालाही तोच मार्ग खुला आहे.