चार वर्षांची मुदत

परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र हा कागद आता आमच्या वाड्यांना नवा राहिलेला नाही. मुंबईची, गोव्याची आणि रत्नागिरीची अशा तीन वाटा जिथे मिळतात त्या हातखंबा तिठ्याच्या पंचक्रोशीतही अशी मुले-मुली आहेत, ज्यांचे आजे-पणजे खोताच्या जमिनीवर राबले आणि जी आज ब्रिटन-अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या उत्तराची वाट पाहत मोबाईल उशाशी घेऊन झोपतात. उत्तर आले की घरात पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवसापासून घोर लागतो. एका ठिकाणी प्रवेश आहे, पैसा नाही. दुसऱ्या ठिकाणी थोडी फी माफ आहे, पण विषय मनासारखा नाही. तिसरे विद्यापीठ पंधरा दिवसांत अनामत भरा म्हणते आणि शिष्यवृत्तीची यादी तर अजून लागायचीच असते. अशा वेळी निवड करायची कशी?

वकिलाकडे हे कागद वाचून घ्यायला माणसे येतात. त्यांना आम्ही एकच गोष्ट सांगतो. बाबासाहेब शिकले कसे, ते एकदा तारखांसह वाचा. जयंतीच्या व्यासपीठावरून पदव्यांची यादी आपण सगळेच ऐकतो आणि अभिमानाने ऐकतो. पण यादीत पदवी दिसते, पदवीसाठी पाहिलेली वाट दिसत नाही. एम. ए. आणि डी. एस्सी. यांच्यामधली वर्षे कशी गेली, कोणता प्रवेश घेतला, कोणता सोडला, कोणता राखून ठेवला, हे आपण मुलांना सांगत नाही. म्हणून हा लेख.

बाबासाहेबांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे आणि रमाईंचे माहेर दापोलीजवळचे वणंद. दोन्ही गावे रत्नागिरी जिल्ह्यातली, म्हणजे ही आपल्याच मातीतली कथा आहे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला आणि त्या सत्कारात कृष्णाजी अर्जुन केळुस्करांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे याच केळुस्करांनी त्यांना सयाजीराव गायकवाडांपुढे उभे केले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्या आधारावर एल्फिन्स्टन कॉलेजमधून बी. ए. पूर्ण झाले. जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याच्या नोकरीत दाखल झाले. पण लगेच वडिलांच्या आजारपणाची तार आली आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी गेले. बाविशीतला मुलगा, डोक्यावर कुटुंबाचा भार आणि शिकण्याची भूक तशीच कायम.

अशा वेळी अमेरिकेची संधी चालून आली. इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. कोलंबिया विद्यापीठाची निवड भीमरावांनी दहा विद्यापीठांचे माहितीपत्रक चाळून केलेली नव्हती. बडोदा सरकार काही विद्यार्थी अमेरिकेला पाठवत होते आणि त्यात त्यांचा नंबर लागला. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. तीन वर्षांची शिष्यवृत्ती, दरमहा साडेअकरा पौंड आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी. वकिलाच्या नजरेने पाहिले तर हा करार सोपा नव्हता. तीन वर्षांच्या शिक्षणासाठी आयुष्याची दहा वर्षे लिहून द्यायची होती. तरीही सही झाली, कारण दुसरे कुठलेही दार उघडे नव्हते. जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले.

विद्यापीठ स्वतः निवडता आले नाही, पण आत गेल्यावर काय शिकायचे ते त्यांनी स्वतः निवडले. त्यांनी तिथे केलेल्या अभ्यासक्रमांची मोजदाद उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषेचा प्रत्येकी १. सेलिग्मन, ड्यूई, शॉटवेल, गोल्डनवायझर यांच्यासारखे प्राध्यापक त्यांना लाभले. १९१५ मध्ये एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरचा निबंध वाचला गेला. त्याच जूनमध्ये पीएच. डी.चा प्रबंध सादर झाला. प्रबंध छापून प्रती दिल्याशिवाय पदवी मिळणार नव्हती आणि छपाईला पैसा नव्हता. तो ग्रंथ १९२५ मध्ये छापला गेला आणि पदवी १९२७ मध्ये मिळाली. प्रबंध देण्यापासून पदवी हाती येईपर्यंत अकरा वर्षे गेली. आपल्या मुलांना सहा आठवडे उत्तर आले नाही तर धीर सुटतो, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

१९१६ मध्ये शिष्यवृत्तीची तीन वर्षे संपली. संस्थानाकडून मुदतवाढ मिळवून बाबासाहेब लंडनला आले. ऑक्टोबरमध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि नोव्हेंबरमध्ये बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव घातले. एकाच वेळी दोन प्रवेश! दोन्हींची गरज त्यांनी ओळखली होती. अर्थशास्त्राने गुलामगिरीची मुळे कळणार होती आणि कायद्याने ती तोडता येणार होती. पण वर्ष पुरे होण्याआधीच बडोद्याहून परत या असा हुकूम आला.

इथे आम्ही वाचकांना थांबायची विनंती करतो. दुसरा कोणी असता तर नशिबाला दोष देत बोटीत बसला असता. बाबासाहेबांनी निघण्यापूर्वी एक काम केले. प्राध्यापक कॅनन यांच्या शिफारशीने त्यांनी लंडन विद्यापीठाकडून परवानगी मिळवली, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल. हा कागद मिळवून मगच त्यांनी लंडन सोडले. बाबासाहेबांच्या चरित्रात या परवानगीला एखादी ओळ मिळते. आमच्या मते पुढच्या सगळ्या इतिहासाची ती एक कळ आहे.

परतीच्या वाटेवर पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत त्यांचे सामान नेणारे जहाज पाणतीराने बुडाले. २१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईत उतरले. सामानाची नुकसानभरपाई मिळाली तेव्हा कुठे बडोद्याला जाण्याचा खर्च निघाला. बडोद्यात काय झाले ते समाजाला पाठ आहे. कोलंबियाच्या या विद्वानाला राहायला घर मिळाले नाही. पारशी विश्रांतिगृहात नाव बदलून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढले. कचेरीत शिपाई लांबून फायली फेकत होते. ही आठवण त्यांनी पुढे वेटिंग फॉर अ व्हिसा या छोट्या पुस्तिकेत लिहून ठेवली. आपली मुले आज परक्या देशाच्या व्हिसाची वाट पाहतात. बाबासाहेब स्वतःच्याच देशात माणूस म्हणून प्रवेश मिळण्याची वाट पाहत होते.

आणि लंडनची मुदत चालूच होती. ऑक्टोबर १९१७ आले. मुंबईत शिकवण्या झाल्या. शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला, पण जात कळताच गिऱ्हाईक तुटले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार महिना ४५० रुपये. त्या काळात ही रक्कम मोठी होती. मोठा बंगला घेता आला असता, सुखाने राहता आले असते. बाबासाहेब परळच्या चाळीतच राहिले. पगारातला ठरावीक भाग रमाईंच्या हाती जात होता आणि उरलेला लंडनसाठी बाजूला पडत होता. या काळात ते गप्प बसले नव्हते. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष झाली, ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक निघाला, मार्च १९२० मध्ये माणगावची परिषद झाली. वाट पाहणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे, असा अर्थ त्यांनी कधी घेतलाच नाही.

मार्च १९२० मध्ये त्यांनी ती पगाराची नोकरी सोडली. साठवलेले पैसे, राजर्षी शाहू महाराजांनी दिलेले दीड हजार आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, एवढ्या बळावर जुलैमध्ये ते निघाले. ३० सप्टेंबर १९२० रोजी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये पुन्हा हजर झाले. चार वर्षांच्या मुदतीतली तीन संपली होती, एक शिल्लक होते. ही आकडेमोड बाबासाहेबांनी रोज केली असणार, यात आम्हाला शंका वाटत नाही.

पुढचे वेगाने घडले. जून १९२१ मध्ये एम. एस्सी., जून १९२२ मध्ये बॅरिस्टरी आणि ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा डी. एस्सी.चा प्रबंध सादर. मधल्या काळात जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाकडेही त्यांनी १९२१ मध्ये जर्मन भाषेत स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला आणि तिथे नाव नोंदले गेले. कोलंबियात शिकलेली जर्मन इथे कामी आली. पण लंडनचे काम संपलेले नव्हते, पैसा तर संपतच आला होता. बॉनची पदवी त्यांनी घेतली नाही. आमच्या मुलांनी हेही शिकावे. मिळालेला प्रत्येक प्रवेश शेवटास नेलाच पाहिजे असे नाही. परीक्षकांनी प्रबंधाची मांडणी बदलायला सांगितली तेव्हा खिसा रिकामा होता. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, इथे बसून प्रबंध पुन्हा लिहिला, ऑगस्टमध्ये लंडनला पाठवला आणि नोव्हेंबरमध्ये डी. एस्सी. मिळाली. ही सारी वर्षे रमाईंनी परळच्या खोलीत काय सोसून घर चालवले, ते कुठल्याही विद्यापीठाच्या दप्तरात नोंदलेले नाही. त्या पदव्यांत रमाईंचा वाटा आहे हे समाजाने विसरू नये.

या शिक्षणाचे पुढे काय झाले? हातखंब्याहून महामार्गाने मुंबईकडे निघालो की वाटेत महाड लागते. चवदार तळ्याचा खटला डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दिवाणी न्यायालयात दाखल झाला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने जिंकला गेला. तो लढायला ग्रेज इनचा बॅरिस्टर होता. त्याआधी चिपळूण लागते. तिथे १४ एप्रिल १९२९ रोजी रत्नागिरी जिल्हा शेतकरी परिषदेत बाबासाहेब अध्यक्षस्थानी होते आणि विषय खोतीचा होता. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले कष्टकरी विधिमंडळावर चालून गेले, त्यात महार होते तसे कुणबीही होते. १९४९ मध्ये खोती कायद्याने संपली. ज्या वाड्यांतून आज मुले लंडनला निघतात, त्या वाड्या खोताच्या जाचातून सुटल्या त्यामागे लंडनला शिकलेली विद्या होती. प्रवेश निवडताना बाबासाहेबांची कसोटी कोणती होती, याचे उत्तर इथे मिळते. पुढे पगार किती मिळेल हा हिशेब त्यांनी सिडनहॅम सोडताना बाजूला ठेवला होता.

आता आजचे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे, तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे, तिच्या जागा ७५. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जातींची संख्या सव्वा कोटीच्या वर होती. हे प्रमाण प्रत्येकाने स्वतः मांडून पाहावे. २०२२ मध्ये केंद्राने नियम बदलले आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतातील सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीतून वगळले. म्हणजे १९१६ साली भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याने जातींवर जो निबंध वाचला, तो विषय घेऊन निघालेल्या मुलाला या नियमाने पैसा मिळणार नाही. मनुवादी व्यवस्थेला नेमकी कशाची भीती वाटते, हे यातून उघड होते. २०२५ मध्ये १०६ विद्यार्थी निवडले गेले, पण सुरुवातीला पत्रे फक्त ४० जणांना मिळाली, बाकीच्यांना निधी असेल तर पाहू असे सांगितले गेले. एका संस्थानिकाने १९१३ साली करार करून पैसा दिला, आणि प्रजासत्ताकाने निवडलेल्या मुलांना ताटकळत ठेवावे?

सरकारशी भांडण चालूच राहील, रस्त्यावर आणि कोर्टातही. पण तोवर मुलांनी काय करावे? एक, मुदतवाढ लेखी मागावी. विद्यापीठे अनामतीची तारीख पुढे ढकलतात, काही ठिकाणी प्रवेश वर्षभर राखूनही ठेवतात. मागणाऱ्यालाच ते मिळते. दोन, अमेरिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांत आर्थिक मदतीसह आलेला प्रवेश स्वीकारायला १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो, त्याआधी घाई करणाऱ्याला ही तारीख दाखवावी. तीन, जात वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला प्रवेशपत्र येण्याआधी हातात असावा. चार, करारावर सही करण्याआधी प्रत्येक अट वाचावी, नोकरीचे बंधन असेल तर वर्षे मोजावीत.

आणि समाजाने काय करावे? ब्रिटनचा व्हिसा मागताना फीची आणि राहण्या-खाण्याची रक्कम सलग २८ दिवस बँकेत दाखवावी लागते. शिष्यवृत्तीचे पत्र उशिरा आले की मूल नेमके इथे अडकते आणि सावकाराच्या दारात जाते. बाबासाहेबांना अशा वेळी एक नवल भथेना भेटला. आपल्याकडे आज शिक्षक आहेत, अभियंते आहेत, बँकेतले अधिकारी आहेत. प्रत्येक तालुक्यात दहा जणांनी मिळून बिनव्याजी निधी उभा केला, मुलाला शिष्यवृत्ती मिळताच तो परत घेतला आणि पुढच्या मुलाला दिला, तर एकाही मुलाचा प्रवेश अनामतीपायी बुडणार नाही. यंदा भीमजयंतीची वर्गणी काढताना रत्नागिरी तालुक्यातल्या मंडळांनी या निधीचे वेगळे पावतीपुस्तक छापावे. त्याचा मसुदा आणि नोंदणीचे कायदेशीर काम आम्ही विनामूल्य करून देऊ. जयभीम!